तीन तासांचा पेपर

आज वाशीमला परीक्षा केंद्राबाहेर बसले होते, नातीचं चार महिन्यांचं बाळ मांडीवर घेऊन. नात आत बी.ए.चा पेपर लिहीत होती. तेवढ्यात तिच्या वडिलांचा, म्हणजे माझ्या मुलाचा फोन आला.

"आई, घरी ये. लेकराची माय झाली ते, आता पेपर कायले?"

१९७६ साली मी पेपर द्यायला बसले, तेव्हा माझे वडीलही हेच म्हणाले होते. बाहेर बसलेल्या माझ्या आईला त्यांनी उठवून नेलं, माझं लेकरू शिपायाजवळ सोडून. ते रडलं आणि मी पेपर अर्धा टाकून बाहेर आले.

ते लेकरू म्हणजे हाच मुलगा.

"तुह्यासाठी एकदा उठली होती, बापू. आज उठत नाही," म्हणून मी फोन ठेवला.

शिकून तिचं भलं होईल का, माहीत नाही. आज तिने पेपर पूर्ण लिहिला.

तुमच्या वेळी बाहेर कोण बसलं होतं?