सफाईगार क्रमांक दोन

यवतमाळला आमच्या विद्यापीठाच्या आवारात जे नाट्यगृह आहे, त्याची मी व्यवस्थापक आहे, असं सांगितलं की पाहुण्यांचे डोळे चमकतात. त्यांना वाटतं, बाई रोज फुकटात नाटकं बघते. नाटकं मी बघितली ती विंगेत उभी राहून, अर्धीमुर्धी, आणि तीही कुलर बंद पडला की काय याकडे कान लावून. एरवी तिथे बोंडअळीवरची चर्चासत्रं होतात, सत्कार होतात, कुणाकुणाच्या जयंत्या होतात. मी खुर्च्या मोजते, माईक तपासते आणि पुढाऱ्यांसाठी पहिल्या रांगेपुढे सोफे ओढायला माणसं शोधते. माझे वडील जिल्हा परिषदेत हेडक्लार्क, आजोबा कचेरीत कारकून. कागद बरोबर असला की माणूस बरोबर, अशी आमच्या घरातली समजूत. तीच घेऊन मी नोकरीला लागले आणि तिच्याच जोरावर एका भल्या माणसाचं वाटोळं केलं.

तो माणूस म्हणजे आमचा लाइटवाला. मी त्याला भाऊ म्हणायची. राळेगाव तालुक्यातल्या एका खेड्यातून सकाळच्या एसटीनं यायचा, संध्याकाळच्या एसटीनं परत जायचा. आयटीआय झालेला वायरमन. पहिल्यांदा आला तो एका दिवसापुरता, जळालेला डिमर दुरुस्त करायला. स्टेजवरचा उजेड हळूहळू कमी-जास्त करायचं ते यंत्र. त्यानं ते खोललं, पुसलं, चालू केलं, आणि मग वरच्या केबिनच्या खिडकीतून रिकाम्या स्टेजवर उजेड चढवत-उतरवत बसला. चहा येऊन गार झाला तरी उठेना. मी वर जाऊन विचारलं, "झालं न भाऊ काम?"

"झालं मॅडम," तो म्हणाला. "थोडं पाहून राह्यलो."

आम्हाला लाइटवाला हवाच होता, म्हणून मी त्याला ठेवून घेतलं. पण विद्यापीठाला माणसं कंत्राटदार पुरवतो, आणि कंत्राटदाराच्या यादीत माणसांचे प्रकार तीनच: शिपाई, चौकीदार, सफाईगार. 'प्रकाशयोजना सहायक' असं लिहून मी पाठवलेला कागद आस्थापना विभागातून तीनदा परत आला. शेरा एकच, असे पद मंजूर नाही. आता नाट्यगृहाला सफाईगार मंजूर होते दोन, आणि प्रत्यक्षात होती एकटी मावशी. चौथ्या खेपेला मी लिहून टाकलं, सफाईगार क्रमांक दोन. कागद त्याच दिवशी मंजूर होऊन आला. केवढी हुशारी केली असं वाटलं मला! भाऊला मी सांगितलं, हे नावापुरतं आहे, पुढे बघू.

"मले लाइटीपाशी राहू द्या मॅडम," तो म्हणाला. "मंग काही बी लिवा."

ते पुढे बघणं मी सतरा वर्षं पुढेच ढकललं. दर अकरा महिन्यांनी कंत्राट नव्यानं व्हायचं, आणि पदनामाच्या रकान्यात मी 'मागीलप्रमाणे' लिहायची. दर महिन्याला हजेरीपत्रकाखाली एक छापील ओळ असायची, सदर सफाईगाराने साफसफाईचे काम समाधानकारक केले आहे. तिच्याखाली माझी सही. इतक्या सह्या केल्या की ती ओळ वाचायची सवयच सुटली. आणि खरी झाडलोट? तेवढं मोठं सभागृह मावशी एकटी झाडायची, दोघांच्या वाटचं. कुरकुर करायची नाही, पण टोमणा बरोबर जागी मारायची. केबिनकडे हात करून म्हणायची, "आमचा दुसरा सफाईवाला वरतं बसून दिवस उगवते, अन् मी खाली कचरा काढून राह्यली."

दिवस तो खरंच उगवायचा. एका वर्षी युवक महोत्सवाला झरी जामणीकडच्या कॉलेजची मुलं कोलामी बोलीतली एकांकिका घेऊन आली. नाटकात जंगल होतं, आणि मुलांजवळ एक चटई आणि दोन टोपल्या होत्या. भाऊनं त्यांची तालीम एकदा बघितली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो एसटीतून उतरला तो पऱ्हाट्यांचा भारा घेऊन. त्यासाठी कंडक्टरशी भांडला होता म्हणे. कापूस वेचून झाला की उरलेली वाळकी झाडं लोक चुलीसाठी घरामागे रचून ठेवतात, तीच ती. त्यानं ती स्पॉटपासून हातभर अंतरावर तारेनं बांधली. प्रयोग सुरू झाला तेव्हा मागच्या पांढऱ्या पडद्यावर सागाएवढी झाडं उभी होती. मग त्यांच्या मागून इतक्या सावकाश उजाडत गेलं की शिट्ट्या मारायला टपलेली शेवटच्या रांगेतली पोरंसुद्धा गप्प झाली. त्या दिवशी मी कुलर विसरले.

प्रकाशयोजनेचं बक्षीस नियमाप्रमाणे विद्यार्थ्यालाच मिळतं, ते त्या मुलांपैकी एकाला मिळालं. पण मुलांनी आपल्या पत्रकात 'विशेष साहाय्य' म्हणून भाऊचं नाव छापलं होतं. पुढे जवळपास सगळेच संघ तसं छापायला लागले. ती पत्रकं तो बियाण्याच्या रिकाम्या पिशवीत घालून जपायचा. मला वाटायचं, हौस आहे बिचाऱ्याची.

गेल्या वर्षी दिवाळी झाल्यावर विद्यापीठानं प्रकाश तंत्रज्ञ असं एक कायम पद काढलं. भाऊ तेव्हा शेहेचाळीस वर्षांचा होता, म्हणजे वय उलटून गेलेलं. पण ज्यांनी कंत्राटावर दहा वर्षं तेच काम केलं असेल त्यांना वयाची सूट होती. जाहिरात वाचून तो दुपारी माझ्या खोलीत आला. चपला बाहेर काढून आला, सतरा वर्षांत हे त्याला मी सोडायला लावू शकले नाही. पिशवी टेबलावर ठेवून म्हणाला, "हे सारं हाये माह्यापाशी. पण साहेब लोकं कागद तुमचाच मानतीन. तुमी फक्त एक डाव सांगजा मॅडम, का हा माणूस लाइटीचं काम करते. बस."

"सांगीन न भाऊ. त्यात काय?"

"सफाईचं मी घरी कधी सांगतलं नाई. पोरीले वाटते, बाप नाटकात हाये."

आम्ही दोघंही हसलो. त्याला हे पद मिळणार याबद्दल मला शंकाच नव्हती, आणि मला मनापासून आनंद झाला होता, हेही खरं आहे.

घरी जाताना चौकात सिग्नलला गाडी थांबली आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं. भाऊ लाइटचं काम करत होता असं मी म्हटलं, तर दर महिन्याची माझी ती सही खोटी ठरत होती. सतरा वर्षांच्या सगळ्या सह्या. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. चौकशी लागली की पेन्शन अडकलीच. आमच्याकडे चौकशा माणूस मरेपर्यंत चालतात, वडिलांच्या एका मित्राचं मी डोळ्यांनी बघितलं होतं. नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "विचारलं तर सांग. आपणहून कायले सांगाचं?" मला तो सल्ला फार आवडला. मी तो घट्ट धरून बसले.

अर्जांची छाननी मुख्य इमारतीत होती. तीन जणांची समिती, अध्यक्ष एक वयस्क प्राध्यापक. मला रेकॉर्ड घेऊन बोलावलं होतं. भाऊनं इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, आणि टेबलावर पत्रकं वर्षांप्रमाणे लावून ठेवली होती. अध्यक्ष ती चाळायला लागले. एका ठिकाणी "अरे वा!" म्हणाले. झरी जामणीचं नाटक त्यांनी बघितलं होतं, त्यांना ते जंगल आठवत होतं. माझा जीव भांड्यात पडला. मला वाटलं, आता आपल्याला बोलावंच लागणार नाही.

मग त्यांनी माझं रजिस्टर उघडलं. पानं उलटली, परत मागे आले, चष्मा काढला.

"इथे लाइट, आणि इथे झाडू. दोन्ही कसं खरं असेल? मॅडम, तुम्हीच सांगा."

विचारलं होतं. सरळ, स्वच्छ, माझ्याकडे बघून विचारलं होतं. वाक्य माझ्या तोंडात तयार होतं, घरी आरशापुढे म्हणूनही बघितलं होतं: सर, चूक माझी आहे, हा माणूस पहिल्या दिवसापासून लाइटवाला आहे. तेवढंच म्हणायचं होतं.

"रेकॉर्डला जे आहे ते आहे, सर," मी म्हटलं.

भाऊ माझ्याकडे बघत होता. रागावला नव्हता. माझं बोलणं अजून संपलेलं नाही असं समजून तो पुढच्या वाक्याची वाट बघत होता. मी टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासाकडे बघायला लागले. मग त्यानं खाकरून घसा साफ केला.

"मॅडमचं रजिस्टर बराबर हाये साहेब. मी झाडतो. लाइटीचं आपलं हौसेनं करत होतो."

अध्यक्षांनी मान हलवली. त्यांनाही वाईट वाटलं असावं, कारण पत्रकं गोळा करायला त्यांनी त्याला हातभार लावला.

बाहेर जिन्यात मी त्याला गाठलं. अपील करू, मी लेखी देते, असं काहीतरी बडबडले. त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं.

"राहू द्या मॅडम. तुमच्यावर आलं असतं सारं."

म्हणजे त्याला कळलं होतं. मला चौकात सिग्नलला कळलेली गोष्ट त्याला त्या खोलीत, माझ्या खाली गेलेल्या मानेकडे बघून कळली होती, आणि त्यानं मला वाचवलं होतं. ते त्याचं काम नव्हतं. सतरा वर्षं त्याला वाचवायचं काम माझं होतं.

महिन्याभरानं नवा तंत्रज्ञ आला. नागपूरचा, पदविका झालेला, स्वभावानं चांगला. भाऊनं त्याला दोन दिवस केबिनमध्ये बसवून सगळं समजावलं, डिमरचा चार नंबर कसा तापतो, डावीकडचा स्पॉट का थरथरतो. तसं करायला भाऊला कुणी सांगितलं नव्हतं. नव्या माणसाला ते जुनं यंत्र हाताळायचा कंटाळा आहे. तो सगळे दिवे एकदम लावतो आणि शेवटी एकदम बंद करतो. आता आमच्याकडे नाटकात माणूस मरतो तोही लख्ख उजेडात. कुणी तक्रार केलेली नाही. तो रुजू झाला त्याच आठवड्यात आस्थापनेकडून पत्र आलं, की नाट्यगृहात एक सफाईगार जास्तीचा दिसतो, त्याला मुख्य इमारतीत पाठवावे. मी पाठवला. आवक-जावकमध्ये नोंद केली, सही केली.

मावशी अजून एकटीच झाडते. तिनं टोमणे मारणं बंद केलं आहे. काहीही सांगितलं की "हो मॅडम" म्हणते आणि कामाला लागते. ते मला सोसत नाही.

खरं काय ते सगळं लिहून मी एक पत्र तयार केलं आहे. ते टेबलाच्या खणात आहे. दर सोमवारी ठरवते, आज देऊ. ते दिलं तरी पद भरलेलं आहे, भाऊला काही मिळणार नाही, असं मी स्वतःला सांगते, आणि हे खोटं नाही म्हणून मला आणखीच लाज वाटते.

मागच्या आठवड्यात मीटिंगला मुख्य इमारतीत गेले होते. आस्थापनेचे अधीक्षक सोबत होते, तेच, ज्यांच्याकडून माझा कागद तीनदा परत आला होता. दुसऱ्या मजल्यावर भाऊ फरशी पुसत होता. अंगात खाकी शर्ट. मला बघून तो सरळ उभा राहिला.

"ओलं हाये मॅडम. इकून या, भिंतीकडून. इकडं वाळलं."

अधीक्षक थांबले. "हा तुमच्याकडचाच न मॅडम, सफाईवाला? काम कसं करते?"

भाऊ पोछा हातात धरून उभा होता, आमच्यापासून दोन हातांवर. तो खाली फरशीकडे बघत होता.

"चांगलं करते," मी म्हटलं, आणि भिंतीकडून मीटिंगला गेले.