निवळलेलं पाणी

शबानाच्या भावाचा फोन आला तेव्हा मी दूध तापवत होते. त्याचं यवतमाळात मोटारसायकलचं गॅरेज आहे, त्यामुळे एरवी तो फोनवरही ओरडूनच बोलतो. त्या सकाळी तो कुजबुजल्यासारखा बोलला. "ताई, आपा गेली… ताप तर उतरला होता ना ओ." डेंग्यू झाला होता तिला. आदल्या दिवशी ताप उतरला तसं आम्ही सगळ्यांनी हुश्श केलं होतं. "निवळली एकदाची," असं मीच तिच्या अम्मीला म्हणाले होते. डेंग्यूत ताप उतरल्यावरच खरा धोका सुरू होतो, हे नंतर कळलं; त्या शब्दाची तेव्हापासून मला धास्तीच बसली आहे.

आम्ही दोघी एकाच कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचो. तिला वेड पाण्याचं. कुणाकडे गेली तरी काचेचा ग्लास मागायची, तो पांढऱ्या ओढणीवर ठेवायची आणि वरून आत डोकावायची. स्वतःला बघायला आलेल्या पाहुण्यांसमोरही तिनं हे केलं, आणि ते स्थळ तिथंच बारगळलं! केळापूरकडे माझा बंजारा तांडा आहे. त्याच्या वरच्या अंगाला सागाचं जंगल, आणि तिथून येणारा नाला पानगळीनंतर कोऱ्या चहासारखा दिसतो. तलावात पोचेपर्यंत तो रंग फिका पडतो. तेच पाणी तांडा पितो. "एवढं जंगल विरघळलं पाण्यात, ते गेलं कुठं सांग?" असं विचारून ती स्वतःच उत्तर द्यायची. पानांचा अर्क थोडा जिवाणू खातात, थोडा मातीला चिकटतो, उरलेल्याचे ऊन बारीक तुकडे करतं आणि रंग उडतो. पण रंग उडाला म्हणजे सगळं गेलं असं नाही. त्या उरल्यासुरल्यावर ब्लीचिंग पावडर पडली की भलतीच घातक द्रव्यं तयार होतात. पावडर तर हवीच, नाहीतर हगवण ठरलेली. म्हणून आधी वाळू-कोळशातून गाळायचं आणि मग पावडर टाकायची, यावर ती हटून बसायची.

तांड्यावर मात्र हंड्यात तुरटी फिरवली, गाळ खाली बसला, पाणी निवळलं की विषय संपला. माझा भाऊ तिला चिडवायचा, "मॅडम, निवळलेल्या पाण्याले कायले भेता?" एकदा तिनं त्यालाच ग्लासात वरून बघायला लावलं. बाजूनं नितळ दिसणारं पाणी वरून पिवळसर होतं. "भाऊ, गढूळ पाणी सोताच सांगते, मी गढूळ हाओ. मले भेव या निवळलेल्याचं लागते. हे काहीच सांगत नाही." पुढच्याच आठवड्यात भावानं निळ्या पिंपात वाळू-कोळसा भरून गाळणं बांधलं.

ती गेल्यावर थोड्याच दिवसांनी माझ्या भावाचा फोन आला. "बाई, पाऊस सरला, तलाव काचेसारखा निवळला. कोळसा बी संपला. आता पावडर सरळच टाकून राह्यलो." कोळशाचं पोतं घेऊन मी एसटीनं तांडा गाठला. माझी भाची नळावर ओंजळ धरून पाणी पीत होती. मी तिचा हात असा ओढला की पोरगी रडायलाच लागली. भावाला वाटलं, मी रागावले. राग कसला, मला भीती वाटत होती. त्यानं पिंप पुन्हा भरलं. पण पुढच्या वेळी कोण ओळखणार? शबानाला जे दिसायचं त्यातलं निम्मंही मला दिसत नाही… आणि पाणी तर काही सांगत नाही.

परवा शबानाला जाऊन चाळीस दिवस झाले, तिच्या चाळिसाव्याला गेले होते. अम्मींनी पाणी आणलं, न मागता, काचेच्या ग्लासात. माझ्याही नकळत मी तो जेवणासाठी अंथरलेल्या पांढऱ्या दस्तरखानावर ठेवून वरून बघू लागले. अम्मी माझ्याजवळ बसल्या.

"साफ है ना, बेटा?"

"साफ दिसतंय, अम्मी."

"दिसतंय" म्हणाले, पण ग्लास अर्ध्यावरच धरून राहिले. अम्मींनी ग्लासाला खालून हात लावला, आणि मी प्यायले.