आईची किडकी टोपली

आईने विणलेल्या टोपलीतून अजूनही पिवळी भुकटी गळते. आज केर काढताना तिचा पिठूळ वास आला आणि किसनदादाची ती सहल आठवली.

दादा माझा चुलतभाऊ, गाइड होता. सकाळी कोंडाण्याची लेणी दाखवून दुपारी तो पाहुण्यांना आमच्या वाडीत घेऊन आला. "काकी, यांच्यासमोर बांबू तोड."

"चांदण्या पंधरवड्यात नाय तोडत रं. अवस जवळ आल्याबिगर तोडला तर भुंगा लागतो."

"माझ्यासाठी गं!"

आईने कोयता उचलला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मग दादा त्यांना इंग्रजीत म्हणाला, "ही माणसं बांबू कधीही तोडतात, म्हणून यांच्या टोपल्या किडतात. तुम्ही कर्जतच्या दुकानातून घ्या." मी दहावीत होते, मला कळलं. आई मात्र हात जोडून हसत उभी होती. तोच कोयता त्याला फेकून मारावासा वाटला मला.

"काय म्हनला गं दादा?" ते गेल्यावर तिने विचारलं.

"तुझा हात चांगला हाय म्हनला."

आई लाजली. त्या बांबूची टोपली तिने घरातच ठेवली. पुढे अवसेला नवा बांबू तोडून दादासाठी दुसरी विणली.

ती त्याच्या घरी मीच नेऊन दिली.