डावीकडे वळणारी बाई

"ओ बाई!"

मार्केटिंगवाल्यानं आईला मागून हाक मारली. मुद्दाम. ती कशी वळते ते त्यानं आधी एकदा बघितलं होतं. तिच्या उजव्या खांद्यामागे उभं राहून, तोंडाशी हात धरून. आई डावीकडे वळली. तिकडे कुणीच नव्हतं. मंडपाचं पांढरं कापड होतं नुसतं. त्या कापडाकडे बघून ती म्हणाली, "जी?"

सगळा स्टॉल हसला. पोरं हसली, पोरांचे आईबाप हसले. टाय लावलेला मार्केटिंगवाला तर पोट धरून हसला. "सेम टू सेम! अरे, ओरिजिनल आणलीय यानं!"

स्टॉलवर कॉम्प्युटर चालू होता. त्याच्या पडद्यावर हिरव्या लुगड्यातली एक बाई होती. तिला हाक मारली की ती डावीकडेच वळायची, आणि उजवीकडून तिच्या डोक्यात लाकडी कांडी बसायची. टक्. दहा मार्क.

सगळे हसतायत म्हणून आईही हसली. पदर नीट करून हसली. मला जवळ बोलावून म्हणाली, "काय झालं रं? का हसतात समदी?"

मी म्हणालो, "काय न्हाय आई. गेम आवडला त्यांना."

"व्हय? मग चांगलं झालं की."

ठाण्यातल्या कॉम्प्युटर प्रदर्शनातली ही गोष्ट. नव्वदच्या दशकातली. आईनं त्या दिवसासाठी ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. लेकानं बनवलेला गेम बघायला ती भिवंडीहून आली होती, कामावर खाडा करून. आणि पडद्यावरची ती बाई मीच बनवली होती.

आई नारपोलीच्या एका लूमच्या कारखान्यात कांड्या भरायची. कांडी म्हणजे धागा गुंडाळलेली लाकडी नळी. ती धोट्यात बसवतात, आणि धोटा लूमवर इकडून तिकडे पळत कापड विणतो. कांडी रिकामी झाली की दुसरी लागते, नाहीतर लूम बंद. आई कांड्या भरायची आणि टोपलीतून एकेका लूमवर पोचवायची. तिची जागा अशी होती की सगळे लूम तिच्या उजव्या अंगाला. तो खडखडाट वर्षानुवर्षं उजव्या कानात शिरला आणि तो कान गेला. ज्याचा एकच कान चालतो त्याला आवाज कुठल्या बाजूनं आला ते कळत नाही. म्हणून हाक कुठूनही आली तरी आई डावीकडे वळायची.

आमच्या वस्तीत हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण कुणी बोलून दाखवत नसे. आईशी बोलायचं असलं की माणूस फिरून तिच्या डाव्या बाजूला यायचा, मग बोलायचा. विहारात म्हाताऱ्या बायका तिच्या डाव्या हाताला बसायच्या. कारखान्यातले यूपीचे लूमवालेसुद्धा दोन लूम वळसा घालून यायचे आणि म्हणायचे, "अम्मा, कांडी देना." कुणी कुणाला शिकवलं नव्हतं. मीही लहानपणापासून तिच्या डावीकडूनच चालत आलो. त्यामुळे आईला एक गोष्ट कधी कळलीच नाही. कान गेलाय हे तिला माहीत होतं. आपण कशा वळतो, ते माहीत नव्हतं.

बारावीनंतर मी निजामपुऱ्यातल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये लागलो. काम झाडलोटीचं. भिवंडीत कापसाचा भुसा कुठेही शिरतो, कीबोर्डमध्येसुद्धा. तो रोज ब्रशनं काढायचा. दुपारी बॅच नसायची तेव्हा सर मला मशीनवर बसू द्यायचे. पुस्तकात बघून बघून मी प्रोग्रॅम लिहायला शिकलो. कितीदा सगळं लिहून व्हायचं आणि लाइट जायची. पुन्हा पहिल्यापासून. तसं करत करत मी एक गेम बनवला. नाव ठेवलं 'कांडी'. त्यात खेळणारा म्हणजे आई. टोपली घेऊन लूमांमधून पळायचं, धोटा रिकामा व्हायच्या आत कांडी पोचवायची. लूम वाढत जातात, वेग वाढत जातो. एका दुपारी आईला आणून दाखवला. ती खुर्चीच्या कडेला टेकून बसली आणि म्हणाली, "मी एवढी पळत न्हाय रं. गुडघे हायत का माझे तसे?" पण खूश झाली होती. घरी जाताना गल्लीत भेटेल त्याला सांगत होती.

क्लासला मशीन पुरवणारे एक साहेब होते. ठाण्याचे. त्यांचा धंदा गेमच्या फ्लॉप्या खोक्यात घालून विकायचा. त्यांनी 'कांडी' बघितला.

"हे तू केलंस? भिवंडीत?"

"हो."

मग त्यांनी माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं. ते खुर्चीत जरा मागे सरकून बसले. "अच्छा. छान. पुढे येताय तुम्ही लोक."

मला तेव्हाच कळायला हवं होतं. कळलंही असेल. पण गेम दुकानात जाणार, या एका गोष्टीनं माझे कान बंद झाले होते.

साहेबांनी मला मार्केटिंगवाल्यापुढे उभं केलं. त्यानं गेम थोडा खेळला आणि म्हणाला, "चांगला आहे. पण मोलकरीण कोण होणार? पोरांना शेठ व्हायचं असतं." मग फर्मान सुटलं. खेळणारा म्हणजे शेठ. तो वर माळ्यावर बसणार. खाली बाया टोपल्या घेऊन चालणार, रेंगाळणार. शेठनं वरून कांडी फेकून मारायची. लागली की मार्क. नाव, 'शेठ का निशाना'.

मी म्हणालो, "पण लूम?"

"लूम मागे दिसतील की. आता यात जरा हसू पाहिजे. बाईला काहीतरी खोड दे. तुमच्याकडे बघितली असशील अशी एखादी."

बघितली होती.

मी काय सांगू? मला कुणी जबरदस्ती केली नाही. कुणी हात पिरगाळला नाही. त्यांना आईचं काही ठाऊक नव्हतं. मीच दुपारभर बसलो आणि बसवलं. स्पेसबार दाबला की शेठ ओरडतो, बाई डावीकडे वळते. नेहमी डावीकडे. मग उजवीकडून नेम धरायचा. चुकायचा प्रश्नच नाही. मार्केटिंगवाला डोळ्यांतलं पाणी पुसत म्हणाला, "कुठून सुचलं रे तुला?"

मी म्हणालो, "असंच."

त्या दिवशी मला आनंद झाला होता. हे सांगायला जीभ रेटत नाही, पण झाला होता. टाय लावलेला माणूस माझ्या कामावर हसला, म्हणून मी पायीच स्टेशनला गेलो, शीळ घालत.

खोकं छापून आलं. वर शेठचं चित्र. मागे साहेबांचं नाव, मार्केटिंग कंपनीचं नाव. माझं कुठेच नाही. मी विचारायला गेलो, तर साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, "तुझं आडनाव खोक्यावर नको रे. गिऱ्हाईक बिचकतं. दुसऱ्या भागाच्या वेळी बघू."

तिथे मात्र मी भांडलो. आवाज चढवला. गेम माझा आहे म्हणालो. प्रत्येक ओळ माझी आहे म्हणालो. ते खरंच होतं, प्रत्येक ओळ माझी होती. स्वतःच्या नावासाठी मी टेबलावर हात आपटला. आईसाठी नाही आपटला. तेव्हाही नाही, आणि प्रदर्शनात सगळे तिला हसले तेव्हाही नाही. तिथे मी तिला म्हणालो, गेम आवडला त्यांना.

प्रदर्शनातून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी, ड्युटीवर जायच्या आधी आई क्लासमध्ये आली. "काल गर्दीत नीट दिसलं न्हाय. मला खेळायचाय." मी टाळाटाळ केली. मशीन बिघडलंय म्हणालो. ते तिच्यासमोर चालू होतं. ती बसली. मी स्पेसबार दाखवला.

पहिल्यांदा तिनं बिचकत दाबला. शेठ ओरडला. बाई वळली. कांडी बसली. तिनं पुन्हा दाबला. पुन्हा. बोट तसंच कळीवर ठेवून ती पडद्याला नाक लावून बघत राहिली. मी तिच्या डाव्या बाजूला उभा होतो.

"ही बाय मी हाय ना?"

मी कीबोर्डवरचा भुसा बोटानं काढत राहिलो.

"मी अशी वळते?"

मी मान हलवली.

"कवापासून?"

"लई वर्षं झाली, आई."

तिनं बोट कळीवरून उचललं. "मला कवा कुनी बोललंच न्हाय," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मला बोलायचं की रं. मला सोडून समद्या जगाला दाखवलंस?"

तिनं ओरडावं, थोबाडीत मारावी, असं मला फार वाटलं. तिनं खुर्ची आत सरकवली, लुगड्याला लागलेला भुसा झटकला आणि शिफ्टला गेली. संध्याकाळी शेजारणीनं तिला डावीकडच्या दारातून हाक मारली, तर ती वळलीच नाही. ऐकू आलं होतं, मला दिसत होतं. मान ताठ धरून ती भांडी घासत राहिली. त्या दिवसापासून तिनं हाकेला वळणं सोडलं. वस्तीनं इतकी वर्षं जे सांभाळलं होतं, ते मी मोडून टाकलं.

प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी मी ठाण्याला गेलो. साहेबांनी मला बघताच खुर्ची दिली. पहिल्यांदाच. बाहेरगावची मोठी ऑर्डर आली होती. दुसरा भाग हवा होता. "या वेळी खोक्यावर तुझं नाव. आडनावासकट. आणि पहिल्या पडद्यावर टाकू, आईस अर्पण. लोकांना असलं आवडतं."

मला हवं होतं ते सगळं समोर होतं. तोंडाला पाणी सुटलं नाही असं मी म्हणणार नाही.

मी म्हणालो, "दुसरा भाग होणार नाही. आणि यातली ती बाई काढा."

"बाई काढली तर यात उरतं काय?"

बरोबर होतं त्यांचं. काहीच उरत नव्हतं.

"मग गेम काढा."

"बाजारात गेलेला माल परत येत नसतो. तू मूळ फ्लॉप्या दे, पुढचं दुसऱ्याकडून करून घेतो आम्ही."

"देणार नाही."

साहेब हसले. मार्केटिंगवाल्याकडे बघत म्हणाले, "तुमच्यात एवढं मनाला लावून घेतात होय?"

मी उभा राहिलो. "आमच्यात तिला मागून कुणी हाक मारत नाही, साहेब. ते तुमच्यात."

दोघांनाही काही समजलं नाही. मी समजावत बसलो नाही. स्टॉलच्या पुढच्या बाजूला गेलो. तिथे दोन वेण्या घातलेली एक मुलगी कॉम्प्युटरवर खेळत होती. मागे तिचे वडील. मी तिच्याजवळ गेलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "हा गेम मी बनवलाय. ही बाई माझी आई आहे. तिला एका कानानं ऐकू येत नाही, म्हणून ती अशी वळते. आता मार."

मुलीनं माझ्याकडे बघितलं. "खरंच तुमची आई?"

"खरंच."

तिनं हात कीबोर्डवरून काढून मांडीवर ठेवला. आजूबाजूचं हसू थांबलं. मग तिचे वडील म्हणाले, "अगं, गंमत असते ती, खेळ तू." ती खेळेना, तेव्हा त्यांनी स्वतः वाकून स्पेसबार दाबला. टक्. माझ्याकडे न बघता दाबला. तेवढ्यात मार्केटिंगवाल्यानं वॉचमनला बोलावलं, आणि मला दंड धरून बाहेर काढलं.

आठवड्याभरात क्लासमधली नोकरी गेली. साहेबांनी फोन केला असणार, सर माझ्या नजरेला नजर देत नव्हते. दुसरा भाग त्यांना कुणीतरी बनवून दिला असंही ऐकलं. आईनं तो विषय पुन्हा काढला नाही. मी माफी मागितली तेव्हा "जेव" म्हणाली. माफ केलं की नाही ते सांगितलं नाही, आणि मीही पुन्हा विचारलं नाही. विचारून तिच्यावर आणखी एक ओझं टाकायचं नाही, एवढं तरी मला कळलं.

तो गेम थांबवणं माझ्या हातात नाही. पण कुठल्या क्लासात, दुकानात, कुणाच्या घरात तो लागलेला दिसला की मी आत जातो. खेळणाऱ्याच्या शेजारी उभा राहतो. ज्या नावानं गिऱ्हाईक बिचकतं ते नाव आधी सांगतो, आडनावासकट. हा गेम मी बनवलाय म्हणतो. मग आईचं नाव सांगतो. मग म्हणतो, आता मार. कुणी थांबतं. कुणी मला वेडा म्हणतं. कुणी मारतं. जो मारतो त्याच्या तोंडाकडे मी बघत राहतो, आणि त्याचा खेळ संपेपर्यंत तिथून हलत नाही. हलणारही नाही.