तीन वायरींच्या गाठी

माझ्या भावाला सगळे टेस्टर म्हणतात. इतर माणसं शर्टाच्या खिशाला पेन लावतात, हा टेस्टर लावतो. लग्नाच्या फोटोतसुद्धा तो खिशाला आहे. फोटोवाल्याने काढायला सांगितला तर म्हणाला, "असू द्या, सवय आहे." शेजारी वहिनी तोंड दाबून हसते आहे, तेही फोटोत आलंय.

दादा मोटरहोमचं वायरिंग करतो. मोटरहोम म्हणजे चाकांवरचं घर. मागे पलंग, शेगडी, फ्रिज आणि माणूस वळला की कोपर आपटेल एवढंसं न्हाणीघर. मुक्कामाच्या जागी गेलं की जाड केबल तिथल्या खांबाला लावायची आणि गाडीत वीज घ्यायची. खांबावरच्या विजेचा काही भरवसा नसतो. कधी जास्त येते, कधी कमी. म्हणून दाराच्या पायरीशेजारी जो वायरिंगचा कप्पा असतो त्यात एक डबा बसवतात. वीज आधी त्या डब्यात येते. डबा सव्वादोन मिनिटं तिची परीक्षा घेतो, मगच पुढे सोडतो. वाईट असेल तर सोडतच नाही. मी बाई शिवणकाम करणारी, मला यातलं एवढंच कळतं, आणि तेही वहिनीच्या बडबडीमुळे.

वहिनी दादाच्या हाताखाली काम करायची. म्हणजे लोक तसं म्हणायचे. माझं दुकान त्यांच्या वर्कशॉपला लागून, त्यामुळे मला रोज दिसायचं की हाताखाली कोण आहे ते. दर पंधरवड्याला ती माझ्याकडे यायची, "अगं, जाड दोऱ्याचं एक रीळ दे. काळं." मी विचारायची, "वायरी शिवतेस की काय?" ती म्हणायची, "तुझ्या भावाचं तोंड शिवते." ते तर आधीपासूनच शिवलेलं होतं.

वहिनीला जाऊन चार महिने झाले. सकाळी छातीत दुखलं, दुपारी संपलं. दादा तेव्हा रडला नाही, नंतरही नाही. मला त्याचा राग आला, खोटं कशाला बोलू? रोज दुपारी माझ्याकडे जेवायला यायचा, वाढलेलं खायचा, ताट धुऊन जायचा. एकदा माझ्याकडून भाजीत दोनदा मीठ पडलं. मुलांनी ताटं बाजूला सारली, याने दुसऱ्यांदा वाढून घेतली. या माणसाला आत काही पोचतच नव्हतं.

मग त्याने गाडी विकली. त्यांची स्वतःची, जुनी घेऊन दोघांनी उभी केलेली. त्यांच्या हातची पहिलीच गाडी ती. वहिनीने तिला पडदे माझ्याकडून शिवून घेतले होते. "विकलीस?" मी म्हटलं. "हो. उभी राहून टायर खराब होतात." एवढंच.

घेणारे एक निवृत्त मास्तर आणि त्यांची बायको. उद्या सकाळी गाडी न्यायला येणार होते. त्यांची एकच अट होती, डबा बसवून हवा. मास्तरांच्या ओळखीतल्या कुणाचा तरी फ्रिज अशाच एका खांबाच्या विजेने जळला होता.

दुपारी जेवण झाल्यावर दादा म्हणाला, "येतेस का जरा? टॉर्च धरायला कोणी नाही."

"टॉर्च धरायला माणूस ठेव," मी म्हटलं, आणि गेले.

कप्पा गुडघ्याच्या उंचीवर. दादा कुशीवर आडवा झाला, एक हात आत. बाहेरून येणाऱ्या केबलच्या तीन वायरी त्याने जुन्या जागेवरून सोडवल्या. मी टॉर्च धरला आणि पाहतच राहिले. प्रत्येक वायरीवर काळा दोरा घट्ट गुंडाळलेला, आणि त्याला गाठी. माझाच दोरा. आमच्या दुकानातला दोरा मी झोपेतही ओळखेन.

दादा वायरींकडे बघत नव्हता. डोळे समोरच्या पत्र्यावर, आणि अंगठा गाठींवरून फिरत होता. एक वायर चाचपली, डब्याच्या एका स्क्रूखाली घातली. दुसरी चाचपली, दुसऱ्याखाली. स्क्रूही आवळले. हात असे चालत होते की जणू ते दुसऱ्या कुणाचे होते.

डब्याच्या पलीकडच्या तोंडाला तीन वायरींचा तुकडा कारखान्यातूनच जोडून आलेला होता. मी दोन्ही बाजू पाहिल्या. माझं आयुष्य बाहीला बाही जुळवण्यात गेलंय.

"दादा, ही जोडी जुळत नाही."

"काय?"

"पलीकडे या टोकाच्या स्क्रूत लाल आहे. इकडे त्याच्याच समोर तू हिरवी घातलीस. आणि लाल तिकडे."

त्याचा हात थांबला. "नीट बघ."

"लाल-हिरवं मला शिकवतोस?"

तो बाहेर सरकला आणि जमिनीवर बसला. मग म्हणाला, "मला लाल-हिरवं कळत नाही."

"कधीपासून?"

"जन्मापासून."

शाळेत त्याने झाडाला तपकिरी पानं काढली म्हणून आई ओरडली होती, ते मला आठवलं. बाजारातून कच्चे टोमॅटो आणायचा तेव्हा आम्ही सगळे हसायचो, आणि वहिनी घाईघाईने म्हणायची, "मीच कच्चे सांगितले होते." वायरमनला रंग दिसत नाहीत म्हटल्यावर काम कोण देणार? म्हणून वहिनी रंग बघायची आणि गाठी मारायची, दादा सांगू लागला. एक गाठ म्हणजे वीज आणणारी फेजची वायर, दोन म्हणजे वीज परत नेणारी, तीन म्हणजे अर्थिंगची. दादाने बोटांनी मोजायचं आणि जोडायचं. वीस वर्षं शेकडो गाड्या झाल्या आणि कुणाला पत्ता लागला नाही. शेजारी बसून मलाही नाही.

त्याने वायरी परत सोडवल्या, मीटर आणलं, एकेक तपासली. मी बरोबर होते. एका गाठीची हिरवी वायर अर्थिंगची निघाली, तीन गाठींची लाल फेजची.

"ही पहिली गाडी," तो म्हणाला. "मीच तिला शिकवलं होतं, अर्थिंग सगळ्यात आधी जोडायचं, सगळ्यात शेवटी सोडायचं. म्हणून तिने त्याला पहिला नंबर दिला. दुसऱ्या गाडीपासून आम्ही क्रम फिरवला. मी विसरलो."

"नुसतं उलटं झालं असतं ना? डब्याने अडवलं असतं."

"अर्थिंग डबा अडवत नाही. ते सरळ गाडीच्या पत्र्याला जातं, आणि मी तिथे फेज जोडली होती." त्याने पायरीवर हात ठेवला. "मास्तरांची बायको ओल्या पायांनी इथे चढली असती." उद्या ऊन पडेल असं सांगावं तसं त्याने ते सांगितलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "खिशाला टेस्टर कशाला लावलाय मग? शोभेला? मीटर का नाही लावलंस आधी?"

"तिच्या गाठी होत्या," तो म्हणाला. "सगळं काम तपासतो मी. तिच्या गाठी कधी नाही तपासल्या."

मी टॉर्च पुन्हा कप्प्याकडे वळवला.

"या गाठी काढायला हव्यात," तो म्हणाला. "पुढचा माणूस फसेल." मी कात्री पुढे केली. त्याने मान हलवली आणि नखांनी सुरुवात केली. वीस वर्षांपूर्वीच्या गाठी, त्यात वहिनीचा हात घट्ट. मध्येच त्याने दात लावले. एकूण सहा गाठी सोडवायला पाऊण तास लागला. मी टॉर्च धरून उभी होते, हात भरून आला तरी हलले नाही. मग त्याने प्रत्येक वायरीला मीटर लावलं, मला रंग विचारला, आणि डबा जोडला. झाकण लावायच्या आधी पुन्हा एकदा मीटर लावलं. केबल वर्कशॉपच्या खांबाला लावली आणि टेस्टर पायरीला टेकवला. टेस्टरमधला दिवा लागला नाही, म्हणजे पत्र्यात वीज नव्हती. माझा जीव भांड्यात पडला.

डब्यावर आकडे उतरू लागले. आम्ही पायरीवर बसलो. वर वहिनीचे पडदे.

"मला काही होत नाही गं," दादा म्हणाला. "लोक भेटायला येतात, रडतात, मी बघत बसतो. वाटतं, आपल्याला काहीच कसं होत नाही?"

मी त्याच्यावर चार महिने चिडून होते. आता नुसती त्याच्या पाठीवर हात ठेवून बसले. आकडे संपले, आत कट्कन आवाज झाला आणि फ्रिज सुरू झाला.

"पुढच्या गाडीचं काय?" तो म्हणाला.

"मी येईन. रंग बघेन, गाठी मारेन. पण तू तपासायच्या."

"तुझ्या तर तपासेनच," तो म्हणाला. मला हसू आलं, त्याला आलं नाही.

मग त्याने मूठ उघडली. सोडवलेल्या दोऱ्याचे तीन तुकडे तळहातावर होते, गुंडाळून गुंडाळून सगळीकडे सारखेच मुरडलेले. त्याने ते माझ्यापुढे धरले. "यातला फेजचा कुठला होता?"

मी उजेडात धरून पाहिले, उलटेपालटे केले. गाठी गेल्यावर ते ओळखायला काहीच उरलं नव्हतं.

"सगळे काळेच आहेत, दादा."

"मलाही तसेच दिसतात," तो म्हणाला, आणि तिन्ही तुकडे त्याने खिशात टेस्टरच्या मागे ठेवले.