मेघाचा कुर्ता, माझी खळ

माझ्या मुलीची नोकरी घालवण्यासाठी मी जेवढी धावपळ केली, तेवढी स्वतःची नोकरी टिकवण्यासाठी तीस वर्षांत कधी केली नव्हती. मी खानापूरला एका सरकारी कचेरीत क्लार्क होतो. आता निवृत्त होऊन बेळगुंदीला घरी असतो आणि घरातल्यांना सल्ले देतो. (कुणी मागत नाही. पण म्हणून मी कधी हात आखडता घेतलेला नाही!)

मेघा आमची एकुलती एक. एमबीए झाली आणि बेळगावातल्या एका कंपनीतून तिला ईमेल आला. दोन दिवस शॅडोइंग आणि तिसऱ्या दिवशी इंटरव्ह्यू. जागा एकच. ती मिळाली तर पोरगी रोज घरून बसनं जाऊन येणार. नाही मिळाली तर पुण्याला मैत्रिणीच्या खोलीवर राहायला जाणार, हे तिनं आधीच सांगून टाकलं होतं. ते ऐकल्यापासून तिच्या आईच्या घशाखाली घास उतरत नव्हता. माझ्याही उतरत नव्हता, पण मी दाखवलं नाही.

"शॅडोइंग म्हंजे काय गं?" हिनं विचारलं.

"सावली, आई. तिथल्या एका मॅडमच्या मागं मागं फिरायचं, त्या काम कशा करतात ते बघायचं."

"दोन दिवस नुस्तं मागं फिरायचं? मग छत्री बी तूच धरायची काय?"

ईमेलच्या शेवटी एक ओळ होती. ड्रेस कोड: बिझनेस कॅजुअल. ती वाचून मी खुर्चीत सरसावून बसलो. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या खात्यातला प्रश्न घरात आला होता!

"हे मला इचार! कॅजुअल म्हंजे काय, हे या घरात माझ्याएवढं कुणाला ठावं हाय? तीस वर्षं कॅजुअल टाकलीया मी!"

"आप्पा, ती कॅजुअल लीव्ह. ही वेगळी."

"येगळी कशी असंल? कॅजुअल म्हंजे रजा. बिझनेस म्हंजे धंदा. धंदेवाला मानूस रजेदिवशी जी कापडं घालतोय, ती घालून या, असं म्हणाय लागल्यात ते. सरळ हाय की!"

मेघानं डोळे मिटले आणि उघडले. "आप्पा, म्हणजे साधे पण नीटनेटके कपडे. लग्नातले नकोत आणि घरातलेही नकोत. कुर्ता, पॅन्ट, बंद बूट. मी तीन कुर्ते आणलेत. झालं."

निळा पहिल्या दिवसाला, हिरवा दुसऱ्या दिवसाला आणि मोतिया रंगाचा सुती कुर्ता इंटरव्ह्यूसाठी. हा तिसरा काही मला पटेना. अंगावर घातला की लुळा पडायचा. अशा कापडात समोरच्यावर वचक कसा बसणार? आमच्या कचेरीत साहेबांचा शर्ट साहेबांच्या आधी खोलीत शिरायचा! मी मेघाला म्हटलं, "याला मी चांगली इस्त्री करून आणतो." तिनं विश्वासानं दिला. बापावर विश्वास ठेवायचा तिचा तो शेवटचा दिवस.

कुर्ता पिशवीत घालून मी थेट बेळगावात शहापूरला बाळूअण्णांच्या साडीच्या दुकानात गेलो. धंदेवाला म्हणावा असा माझ्या ओळखीतला हा एकच माणूस.

"अण्णा, रजेच्या दिवशी तुमी काय घालता वो?"

"रजा?" बाळूअण्णा गादीवरून हलले नाहीत. "दुकानदाराला कसली रजा? त्यो गेल्यावरच दुकान बंद!"

"तरी बी. समजा घेतलीच रजा."

"मग बनियन आन् लुंगी."

म्हणजे इथं माझ्या सिद्धांताला जरा तडा गेला. पण मी खरं काय ते सांगितल्यावर बाळूअण्णांनी कुर्ता हातात घेतला, दोन बोटांत चुरगाळला आणि निकाल दिला. "कापूस चांगला हाय. पर ह्याला खळ पायजे. खळीबिगर सुती म्हंजे आजारी मानूस. पलीकडच्या गल्लीत टाका लाँड्रीत, माझं नाव सांगा."

लाँड्रीवाल्यानं विचारलं, "खळ किती घालू?"

"नोकरीचं काम हाय रं," मी म्हणालो. "जरा सढळ हातानं घाल."

शॅडोइंगचे दोन्ही दिवस अगदी सुरळीत गेले. (मी दोन्ही दिवस निपाणीला मेव्हण्याच्या वास्तुशांतीला होतो.) मेघा ज्या मॅडमच्या मागं फिरत होती, त्या तिला म्हणाल्या, "तुझं लक्ष चांगलं आहे, उद्या घाबरू नकोस." हे तिनं कंपनीतून घरी फोन करून सांगितलं तेव्हा हिच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे. निपाणीहून येताना मी शहापूरला उतरलो, वर्तमानपत्रात गुंडाळलेला कुर्ता घेतला आणि तो न उघडताच मेघाच्या टेबलावर ठेवला. तेव्हाच उघडून बघितला असता तर!

सकाळी सातला आतून "कर्रर्र" असा आवाज आला. पाठोपाठ "आप्पा!"

मी धावलो. मेघा कुर्ता उलगडत होती आणि कुर्ता उलगडायला तयार नव्हता. बाह्या पोटाला चिकटून बसल्या होत्या. त्या हिनं ओढून सोडवल्या.

"अवो, ह्यो कुर्ता हाय का पत्रा?"

"अंगावर चढला की सैल होतोय," मी म्हणालो.

झाला नाही. मेघा आत होती आणि कुर्ता बाहेर स्वतंत्रपणे उभा होता. तिचे हात खाली येईनात. हिनं पाण्याचा हबका मारला, तर जिथं पाणी पडलं तिथं कापड चिकट झालं आणि बाकीचं तसंच ताठ राहिलं. निळा कुर्ता बादलीत होता, हिरवा दोरीवर ओला होता आणि बस आठला होती. मेघानं माझ्याकडं एकदा बघितलं, पर्स घेतली आणि करकर आवाज करत निघाली. खिडकीतून बघितलं तर समोरच्या थांब्यावरच्या बसमध्ये ती उभी होती. रिकामी जागा दिसत होती, पण तिला वाकता येत नसणार.

मला फार वाईट वाटलं. पोरीनं रात्र रात्र अभ्यास केला आणि मी त्यावर खळ ओतली. आता काहीतरी करायलाच हवं होतं. (माझ्या बायकोच्या मते, सगळ्या अनर्थाची सुरुवात माझ्या डोक्यात हे वाक्य आलं की होते.) मी दोरीवरचा हिरवा कुर्ता ओढला, ओला असतानाच त्यावर इस्त्री फिरवायला घेतली आणि लवकर वाळावा म्हणून ती छातीवर जरा जास्त वेळ टेकवली.

"अवो, वास कसला याय लागलाय?"

इस्त्रीच्या आकाराचा तपकिरी डाग पडला होता. मी तो डाग आत जाईल अशी घडी घातली. हे मी मुद्दाम केलं, हेही आज सांगून टाकतो.

कुर्ता पिशवीत टाकला, स्कूटर काढली आणि सुसाट निघालो. कंपनीच्या काचेच्या दारासमोर आलो तेव्हा त्या काचेत मला एक माणूस दिसला. डोक्यावर हेल्मेट, अंगात सदरा, खाली झोपायचा पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा आणि पायात बायकोच्या गुलाबी चपला. कोण हे ध्यान, असं मनात म्हणेपर्यंत त्यानंही तोंड वाकडं केलं. तो मीच होतो!

आत सगळीकडं शर्ट आत खोचलेले लोक. सोफ्यावर दुसऱ्या उमेदवारांचे आईवडील बसले होते, एकाच्या तर गळ्यात टाय होता. काउंटरवरच्या मुलीनं माझ्या चपलांकडं बघितलं आणि विचारलं, "यारु बेकु?" म्हणजे कानडीत, कोण हवंय.

"मेघा पाटील. इंटरव्ह्यूला आल्यात. हे कापड द्यायचं हाय त्यास्नी."

"तुम्ही कोण त्यांचे?"

आता हा काही अवघड प्रश्न नव्हता. पण सोफ्यावरचे सगळे माझ्या पायजम्याकडं बघत होते. समोरच काचेची खोली होती आणि आत मेघाची पाठ दिसत होती, ताठ. मला वाटलं, या अवताराचा बाप बघून पोरीची उरलीसुरली अब्रू जाईल. तिला वाचवायला म्हणून मी बोलून गेलो.

"मी शेजारी हाय."

आणि तेवढ्यात काचेचं दार उघडलं. मेघा आणि तिच्या त्या मॅडम बाहेर आल्या. मेघा माझ्याकडं बोट दाखवून अगदी सहज म्हणाली, "मॅडम, हेच माझे आप्पा."

"न्हाय मॅडम," काउंटरवरची मुलगी म्हणाली, "हे शेजारी आहेत. आत्ताच म्हणाले."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं, मग मेघाकडं, मग परत माझ्याकडं. माझ्या कानशिलांतून वाफा निघत होत्या. हेल्मेट अजून डोक्यावरच होतं.

"शेजारीच हाय मी," मी म्हणालो, "म्हंजे... एकाच घरात ऱ्हातो."

सोफ्यावरचा टायवाला खोकला. मॅडमनी विचारलं, "पिशवीत काय आणलंय?" मी हिरवा कुर्ता काढून पुढं केला. घडी उलगडली आणि तपकिरी डाग सगळ्यांच्या तोंडासमोर आला. मेघानं तो बघितला, घडी परत घातली आणि हळूच म्हणाली, "राहू दे आप्पा. हाच बरा आहे." आणि करकर करत आत गेली.

मला लाज वाटली. पायजम्याची नव्हे. पायजम्याची तर वाटलीच, पण त्याहून जास्त माझ्या त्या एका वाक्याची. मी बिघडवलेला कुर्ता अंगात घालून पोरीनं त्या पायजम्याकडं बोट दाखवलं आणि बाप म्हणून ओळख दिली. आणि मी, सदऱ्याच्या बाहीनं घाम पुसत, तिची ओळख नाकारून बसलो होतो. बाहेर स्कूटरपाशी तासभर थांबलो. आत जाऊन खरं सांगायचं धाडस झालं नाही.

परत येताना ती मागं बसली होती. प्रत्येक खड्ड्यात कुर्ता अजून करकरत होता.

"रागावलीस व्हय गं?"

"मॅडमनी विचारलं, बाहेर हेल्मेट घातलेला माणूस सारखा आत बघतोय, ओळखीचा आहे का? मी म्हटलं, माझे आप्पा आहेत, काळजीनं आले असतील. मॅडम म्हणाल्या, चल, भेटूया तरी."

"मग?"

"मग काय? तुम्ही शेजारी निघालात!"

एवढं बोलून ती हसायला लागली आणि मग रडायलाही लागली. मला स्कूटर थांबवावी लागली. रस्त्याकडेला उभा राहून मी तिची माफी मागितली. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा, आणि तीही गुलाबी चपला घालून.

आठ दिवसांनी कंपनीतून फोन आला. मेघाची निवड झाली होती, फक्त घरच्या माहितीची पडताळणी बाकी होती. मेघा अंघोळीला गेली होती म्हणून फोन मी उचलला.

"मेघा पाटील यांचे आपण कोण?"

या वेळी मी खुर्चीतून उठून उभा राहिलो आणि शेजारच्या चार घरांना ऐकू जाईल असं म्हणालो, "वडील! मी तिचा वडील हाय!"

पलीकडून कागद चाळल्याचा आवाज आला. "नक्की ना? आमच्याकडं जरा वेगळी माहिती आहे. घरात आणखी कुणी मोठं माणूस आहे का? खात्री करून घेतो."

मी फोन हिच्या हातात दिला. हिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, मला पायापासून डोक्यापर्यंत एकदा न्याहाळलं आणि सुस्कारा सोडला. "व्हय सायेब, ह्येच हायत. आता काय करायचं, तुमीच सांगा!"

तेव्हा मेघाला नोकरी लागली ती तिच्या हुशारीवर. माझं बापपण मात्र तेव्हापासून बायकोच्या जामिनावर आहे!