ठिपका नाशिकला निघाला

माझ्या भाचीच्या लग्नात मी रुसून नाशिककडे निघून गेलो होतो, असं आमच्या तमाम नातेवाइकांचं ठाम मत आहे. प्रत्यक्षात त्या वेळी मी काल्हेरला लेडीज टेलरच्या दुकानात स्टुलावर बसून एका पिवळ्या साडीला फॉल लागायची वाट बघत होतो. हे मी सगळ्यांना सांगून बघितलं. कोणी ऐकून घेत नाही.

आधी माझं काम सांगतो, म्हणजे माझी अक्कल कळेल. मी दापोड्याला एका गोडाऊनमध्ये डिस्पॅच सुपरवायझर आहे. माल भरून गाड्या सोडायच्या आणि त्या कुठे पोचल्या ते कॉम्प्युटरवर बघत बसायचं. प्रत्येक गाडीत जीपीएस, पडद्यावर प्रत्येक गाडीचा एक ठिपका. जीपीएस नव्हतं तेव्हा ड्रायव्हर ढाब्यावर खाटेवर आडवे पडून सांगायचे, "साहब, मानकोली में फँसा हूँ." आमच्याकडे हे वाक्य लहान पोरालाही येतं. मानकोली नाक्यावर ट्रक कायम तुंबलेले, त्यामुळे उशीर झाला की मानकोली, फोन उचलला नाही की मानकोली, बारशाला गेलो नाही तरी मानकोली. (बारसं मानकोलीच्या अलीकडे असलं तरी.) कोणी उलटतपासणी करत नाही, कारण ऐकणाराही तेच कारण वापरणारा असतो.

पण ठिपके आले आणि मी एकदम नीतिमान झालो. एका ड्रायव्हरने जीपीएसचा डबा काढून दुसऱ्याच्या गाडीत ठेवला आणि स्वतः मेव्हण्याकडे जाऊन झोपला. त्याला मी पकडला आणि सगळ्यांसमोर धुतला. माणसाने उशीर करावा पण खोटं बोलू नये, यंत्राला फसवशील पण मनाला काय सांगशील, असं बरंच काही बोललो. मुन्ना नावाचा आमचा टेम्पोवाला बाजूला उभा राहून मान डोलवत होता. घरी येऊन तेच भाषण मी माझ्या बायकोला, रंजनाला, आणि कॉलेजात जाणाऱ्या आमच्या श्रुतीला पहिल्यापासून ऐकवलं.

श्रुतीने त्याच दिवशी आम्हा तिघांच्या फोनमध्ये लोकेशन चालू करून टाकलं. "पप्पा, तुम्हाला आवडतं ना? आता आपले पण ठिपके." मी खूश झालो. ठिपका म्हटला की तो दुसऱ्याचाच असतो, अशी माझी समजूत होती.

आता साडी. आमच्यात नवरी मामाने आणलेली पिवळी साडी नेसून बोहल्यावर उभी राहते. प्रणाली ही माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी, माझी एकुलती एक भाची. साडी रंजनाने निवडली. फॉल लावून आणायचा, एवढंच काम माझ्याकडे होतं. रंजना रोज विचारायची.

"साडी आणली का?"

"आणली."

"कपाटात ठेवली?"

"ठेवली."

हे अगदीच खोटं नव्हतं. उद्या आणणारच होतो, म्हणजे आणल्यातच जमा. असं करता करता हळद आली. ताई पडघ्याच्या बाजूला राहते. आम्ही तिघं तिकडे गेलो आणि वडे खाता खाता मला एकदम आठवलं. साडी! मग काय, घरच्या गादीशिवाय मला झोप लागत नाही असं सांगून मी एकटाच काल्हेरला परत आलो. रंजना आणि श्रुती तिथेच राहिल्या. जाताना रंजनाने बजावलं, "सकाळी साडी घेऊन वेळेत हॉलवर या. प्रणालीचं नेसणं तुमच्यावर अडलंय."

सकाळी मी आमच्या बिल्डिंगखालच्या शेवंताताईंच्या दुकानात हजर. मी टाकून गेलेली साडी होती तशीच्या तशी, घडी न मोडलेली.

"दादा, तुम्ही तर म्हणालात घाई नाही."

"लग्न आज आहे."

"मग सांगायचं नाही का?"

"सांगतोय ना."

त्यांनी चष्मा लावला, सुईत दोरा ओवला आणि हाताने टाके घालायला घेतले. मी म्हटलं, जरा पटपट. त्या म्हणाल्या, "चुण्या पडल्या तर नवरीला दिसतील, मला नाही." तेवढ्यात ताईचा फोन.

"कुठं हायस रे?"

तोंडातून आपोआप निघालं, "मानकोलीला."

"आजच्या दिवशी पण? किती गाड्या हायेत पुढं?"

"दिसत नाही शेवटपर्यंत," मी म्हटलं. शेवंताताईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

दहा मिनिटांत भाऊजींचा, म्हणजे ताईच्या नवऱ्याचा फोन. "सुरेश, आमचा जगन आत्ताच मानकोलीवरून आला. कोण मंत्री येणार म्हणून पोलिसांनी सगळे मोठे ट्रक बंद केलेत. रस्ता मोकळा हाय. तू नक्की कुठल्या मानकोलीला हायस?"

इतक्या वर्षांत मानकोली कधी मोकळं बघितलं नाही. माझ्या भाचीच्या लग्नाच्या दिवशीच त्याला मोकळं व्हायचं होतं. मी म्हटलं, "जगन गेल्यावर अडकलं."

मग श्रुतीचा फोन. तिचा आवाज बारीक झाला होता. "पप्पा, आत्या म्हणते ठिपका दाखव. तुमचा ठिपका काल्हेरला आहे. आपल्या बिल्डिंगखाली. लेडीज टेलर लिहिलंय तिथे."

"नेट स्लो असेल. माणूस पुढे जातो, ठिपका मागून येतो, असं सांग."

"मी खोटं सांगू?"

"खोटं नाही. थोडं थांबव त्यांना. ठिपका आत्ता निघेल."

फोन ठेवला. ठिपका निघणार कसा? फॉल अर्धासुद्धा झाला नव्हता. बाहेर बघतो तर रस्त्याच्या कडेला मुन्नाचा टेम्पो उभा. नाशिकला माल घेऊन निघाला होता आणि चहा पीत होता. माझ्या डोक्यात त्या डबा बदलणाऱ्या ड्रायव्हरचा चेहरा लख्ख उभा राहिला. म्हटलं, गडी हुशार होता.

मी मुन्नाच्या हातात माझा फोन दिला. "मानकोली नाके पे अपना चायवाला है ना, उसके पास रख दे. मैं पीछे से आके लेता हूँ. फोन बजा तो उठाना नहीं. कोई पूछे तो कुछ बताना नहीं."

मुन्नाने फोनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "सेठ, ये वो जीपीएसवाला मामला है क्या?"

"अरे घर का मामला है."

"समझ गया," तो म्हणाला, आणि अशा काही सहानुभूतीने म्हणाला की मला त्याचा रागच आला.

इथून पुढचं हॉलवर काय झालं ते मला नंतर रंजनाने सांगितलं, आणि एकदा नाही, बरेचदा सांगितलं. श्रुतीचा फोन या हातातून त्या हातात फिरत होता. ते बघून भाऊजींच्या पुतण्याने डोकं लढवलं आणि तो फोन स्टेजशेजारच्या मोठ्या एलईडी स्क्रीनला जोडून दिला. स्क्रीनवर नवरा-नवरीचं समुद्रावरचं शूटिंग चालू होतं, ते बंद झालं आणि तिथे नकाशा आला. नकाशावर निळा ठिपका. माइकवरून पुकारा झाला, "नवरीचे मामा निघालेले आहेत."

ठिपका काल्हेरहून हलला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. दापोडं गेलं. मानकोली आलं. इथे ठिपका थांबायला हवा होता, पण मंत्र्यांसाठी पोलिसांनी नाक्यावरच्या सगळ्या टपऱ्या उठवलेल्या, चहावाला गायब, आणि मुन्नाला गाडी उभी करू देईनात. त्याने साधा विचार केला की फोन आता नाशिकहून परत आल्यावर द्यावा. ठिपका मानकोलीवरून सुसाट सुटला आणि हायवेला लागला.

हॉल हायवेलाच आहे. ठिपका जवळ यायला लागला तसा बँडवाला गेटवर जाऊन उभा राहिला. ताई ओवाळायचं ताट घेऊन धावली. ठिपका गेटसमोर आला. बँड सुरू झाला. आणि ठिपका न थांबता पडघ्याकडे निघून गेला.

बँड मध्येच बंद पडला म्हणे. भाऊजींनी फोन लावला, ताईने लावला, रंजनाने लावला. रिंग जाते, कोणी उचलत नाही. तेव्हा एक म्हातारे काका उठून म्हणाले, "मामा रुसला."

मग सगळ्यांना सगळं आठवायला लागलं. काल हळदीला टॉवेल-टोपीचा मान आधी चुलत मामाला दिला आणि मग सुरेशला. तेव्हाच त्याचं तोंड उतरलं होतं. (मला टोपी कधी घातली तेही आठवत नव्हतं. तोंड साडीमुळे उतरलं होतं.) म्हणूनच तो राहिला नाही, एकटाच घरी गेला. ताई मटकन खाली बसली. "माझ्या पाठचा एकच भाऊ. त्याच्याशिवाय माझ्या पोरीचं लगीन लागणार न्हाय." भाऊजी, चुलत मामा, खुद्द नवऱ्याचे वडील, असे सगळे रंजनाचा फोन, नवी टॉवेल-टोपी आणि नारळ घेऊन गाड्या काढून ठिपक्याच्या मागे लागले.

इकडे साडी झाली. मी ती पिशवीत घातली आणि स्कूटरवर बसलो. मानकोलीला चहावाला नाही, फोन नाही. थांबायला वेळ नव्हता. हॉलवर पोचलो तर गेटवर कोणी नाही, बँडवाले जमिनीवर बसलेले, आणि आत सगळे स्क्रीनकडे बघतायत. मागच्या रांगेतल्या एका आजींना मी विचारलं, "काय चाललंय?"

"नवरीचा मामा पळालाय. शहापूर गाठलं मेल्यानं."

मी बघितलं. ठिपका थांबला. थोडा वेळ तसाच राहिला आणि मग हळूच उलटा फिरून आमच्या दिशेने यायला लागला. सगळ्या हॉलने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

तेवढ्यात रंजनाचं लक्ष गेलं. ती माझ्याकडे बघते, स्क्रीनकडे बघते. "अहो, तुम्ही इथे? मग तिकडून कोण येतंय?"

ताई धावत आली आणि माझ्या गळ्यात पडून रडायला लागली. "मागं फिरलास. माझ्यासाठी मागं फिरलास रे."

"ताई, तो फोन..."

"फोन पण टाकून दिलास रागानं? चुकलं आमचं. टोपीचा मान तुझा होता."

तिच्यामागे प्रणाली उभी. दागिने सगळे अंगावर, पण नेसलेली साडी घरातली, आणि मुहूर्त तर कधीच टळून गेलेला. नवऱ्याकडच्या बायका तिच्याकडे बघून आपसात कुजबुजत होत्या. ती पोर माझ्या हातातल्या पिशवीकडे बघून म्हणाली, "मी सगळ्यांना सांगत होते, माझा मामा येणार." डोळे रडून सुजलेले होते. मला स्वतःची इतकी लाज वाटली की तिथेच स्कूटर उलटी वळवून खरंच नाशिकला जावंसं वाटलं.

मी ठरवलं, आता बास. पिशवी तिच्या हातात दिली आणि ताईला सगळ्यांच्या देखत सांगितलं, "मी रुसलो नव्हतो. साडीला फॉल लावायचा विसरलो. मानकोली खोटं होतं. मी काल्हेरला टेलरकडे बसलो होतो आणि फोन मुद्दाम टेम्पोत ठेवला. सगळी चूक माझी आहे."

ताईने डोळे पुसले आणि माझ्या तोंडावरून हात फिरवला. "बघा. आमची चूक हाय आणि सगळी स्वतःच्या अंगावर घेतोय. का, तर आम्हाला कमीपणा यायला नको."

"ताई, खरं बोलतोय मी."

"कळतंय रे मला. आता काही बोलू नको."

प्रणाली साडी नेसून येईपर्यंत गुरुजींनी मोबाइलवर बोट फिरवून दुपारचा दुसरा मुहूर्त काढला. त्याच वेळी भाऊजी परत आले. सोबत मुन्ना, त्याच्या डोक्यावर नवी टोपी, हातात नारळ आणि माझा फोन. टेम्पोत मामा नाही म्हटल्यावर त्यांनी मामाच्या माणसाचाच मान केला होता.

भाऊजींनी माझे दोन्ही हात धरले. "या ड्रायव्हरला किती विचारलं. एकच बोलतो, सेठने मना किया है. इतकं लागलं तुला?"

मी मुन्नाकडे आशेने बघितलं. म्हटलं, "मुन्ना, बता दे सबको, क्या हुआ था."

मुन्ना छाती पुढे काढून म्हणाला, "नहीं सेठ. जबान दी है."

लग्न लागलं. पिवळ्या साडीत प्रणाली छान दिसत होती, चुणी एकही नव्हती. अक्षता पडल्यावर माइकवरून माझं नाव पुकारलं. रुसवा विसरून मनाचा मोठेपणा दाखवल्याबद्दल नवरीच्या मामांचा सत्कार. भाऊजींनी शाल घातली, नवऱ्याच्या वडिलांनी नारळ दिला. मी शेवटचा प्रयत्न म्हणून माइक हातात घेतला आणि म्हणालो, "मंडळी, मी खरोखर टेलरकडे होतो." हॉलमध्ये हशा पिकला, मागून कोणीतरी शिट्टी मारली आणि नवऱ्याच्या वडिलांनी उठून मला मिठी मारली.

खाली उतरलो तर श्रुती उभी. "पप्पा, आता खरं बोलणं बंद करा. आणखी एकदा बोललात तर दुसरी शाल आणतील."

त्या सत्काराचा फोटो ताईने मोठा करून घरच्या हॉलमध्ये लावलाय. फोटोत मी शाल-नारळ घेऊन खाली जमिनीकडे बघत उभा आहे, कारण वर बघायची सोय नव्हती. येणाऱ्या-जाणाऱ्याला ताई तो दाखवते आणि सांगते, "एवढा सत्कार झाला, पण डोळे वर करून बघितलं न्हाय माझ्या भावानं. असा सच्चा माणूस आमच्या घराण्यात दुसरा न्हाय." मी तेव्हा तिथे असलोच तर पुन्हा खाली बघतो, आणि पाहुणे म्हणतात, अगदी फोटोसारखेच आहेत हो.